बिनकण्याचं गाव

अपृष्ठवंशी हा शब्द मला माझ्या नातीनं शिकवला. कोपरखैरण्याच्या आमच्या फ्लॅटच्या गॅलरीत बसून पूर्वा विज्ञानाचा धडा मोठ्यानं घोकत होती आणि मी शेजारी सुपात जवळा निवडत होतो. "ज्या प्राण्यांना पाठीचा कणा नसतो त्यांना अपृष्ठवंशी प्राणी म्हणतात. उदाहरणार्थ गांडूळ, गोगलगाय, खेकडा, कोळंबी." मी म्हटलं, परत म्हण. तिनं परत म्हटलं. मग माझ्या सुपाकडे बोट करून म्हणाली, "आजोबा, हेपण अपृष्ठवंशीच." मी विचारलं, "आनी मान्सां? मान्सां नाय लिवली त्यान?" ती हसली. "माणूस पृष्ठवंशी असतो हो." मी म्हटलं, "मंग पुस्तक लिवनाऱ्यानं आमचा गाव बगलेला नाय."

शब्द जिभेवर बसायला मला दोन दिवस लागले, पण बसला तो बसला. शाळा मी दुसरीतच सोडली. गुरुजी म्हणाले कान धर, मी म्हटलं कशाला, ते म्हणाले धर म्हणतो ना, मी पाटी उचलली आणि घरी आलो. परत गेलो नाही. तेव्हा माझ्या लिहिण्यात ऱ्हस्वदीर्घाच्या चुका दिसतील त्यांनी त्या खुशाल मोजाव्यात. पण हा एक शब्द मी बरोबर लिहितो, कारण तो मला आयुष्यभर हवा होता आणि कुणी दिला नव्हता.

आता हेच बघा. आमच्या सोसायटीच्या गच्चीवर मी सुकट वाळवतो. सेक्रेटरीनं मीटिंग बोलावली. "काका, स्मेल येतो. टेरेस कॉमन आहे." खालच्या मजल्यावरचे साहेब हजर होते. ते बँकेतून रिटायर झालेले, घाटावरचे, आणि माझ्याकडून वाटी भरभरून सोडे, म्हणजे सुकी कोळंबी, नेणारे. ते मोबाइलात डोकं घालून बसले. मी विचारलं, "ज्याला वास येतो त्यानं हात वर करावा." एक हात नाही. "बरं, ज्याला येत नाही त्यानं करावा." तरी नाही. दुसऱ्या दिवशी साहेब वाटी घेऊन दारात उभेच. मी सोडे दिले. "घ्या, अपृष्ठवंशी," म्हणून दिले. साहेब म्हणाले, "वा काका, सायन्सचं नॉलेज आहे तुम्हाला!"

पण मला साहेबांवर लिहायचं नाही. मला माझ्या बापसावर लिहायचं आहे, आणि त्या बाईवर, जिच्यामुळे आमच्या अख्ख्या गावाचे कणे एकदाचे तपासून झाले.

आमचं गाव खाडीच्या काठाला. आज तिथं सेक्टर आहे, नाक्यावर मोबाइलचं दुकान आहे आणि बांधावरून टेम्पो मार्केटला जातात. तेव्हा बांधाच्या अलीकडे भात आणि पलीकडे चिखल, एवढंच जग होतं. घर आमचं कुडाचं, पुढं ओटी, मागं परसात विलायती चिंचेचं कुंपण. भरती चढू लागली की बांधाखालच्या भोकांतून बुडबुड आवाज यायचा, जणू कुणी म्हातारं हुक्का ओढतंय. त्या आवाजावर माझी आयस चुलीला लाकूड लावायची. भात सडायचं मुसळ चालू असलं की त्याच तालावर तिच्या तोंडात धवला असायचा. आयस गावची धवलारीण होती. आमच्यात लग्न भटजी लावत नाही, धवलारीण लावते. मांडवात उंबराची फांदी आली की तिचं गाणं सुरू होतं. हळद, तेलवण, पाणी, गाठ, सगळं तिच्या तोंडून. ती गाते तेव्हाच ते ते लागतं. गावातली अर्धीअधिक जोडपी माझ्या आयशीच्या गळ्यातून निघालेली होती.

जेवण आमचं सगळं पूर्वाच्या त्या धड्यातलं. चिंबोऱ्यांचं, म्हणजे तुमच्या खेकड्यांचं, कालवण, त्यात नांग्या ठेचून काढलेला रस. दगडावरून फोडून आणलेली कालवं, नुसत्या कांद्यावर परतलेली. खुबे, कोलंबी, करंदी, आणि काहीच नसलं तर जवळ्याची चटणी आणि तांदळाची भाकर. चिंबोरी मी बिळात लोखंडी आकडी घालून काढायचो. आत हात घालणारा मूर्ख. या चिंबोरीबद्दल मला पुस्तकवाल्याला एक सांगायचं आहे. तिला कणा नाही हे खरं, पण तिचं जे काही कडक आहे ते बाहेर आहे, जगाच्या बाजूला. आतून ती मऊ आणि गोड. माझ्या बापसाचं उलटं होतं. जोमा त्याचं नाव. घरात तो एवढा कडक की कालवणात मीठ कमी पडलं तर ताट अंगणात जायचं आणि कोंबड्या जेवायच्या. ओटीची पायरी उतरला की मऊ. गावकीचे मोठे हाशानाना समोर दिसले की बापूस डोक्यावरची टोपी काढायचा, परत घालायचा, परत काढायचा. "हो नाना. खरा हाय नाना." नाना नुसते खोकले तरी बापूस म्हणायचा, खरा हाय.

त्या वर्षी भात कापून खळ्यावर आलं आणि चांगुणाआत्या परत आली. आत्या म्हणजे बापसाची पाठची बहीण, खाडीच्या पल्याडच्या गावात दिलेली. ओहोटीच्या वेळी चिखल तुडवत, मांडीपर्यंत काळी होऊन ती परसातून आली. तिचं मनगट सुजून भाकरीएवढं झालं होतं. नवरा वल्ह्याच्या दांड्यानं मारायचा. आधीही मारायचा; या खेपेला हाड गेलं होतं. आयशीनं काही विचारलं नाही. हळद गरम केली, कापड फाडलं, मनगट बांधलं. आत्या एवढंच म्हणाली, "वयनी, मी आता नाय जानार." आयस म्हणाली, "नको जाऊ."

आता गंमत अशी की आत्याचा नवरा हा हाशानानांच्या बायकोचा सख्खा भाऊ. म्हणजे मेव्हण्याची बायको पळून आली होती, आणि तीसुद्धा नानांच्या स्वतःच्या गावात. त्याच आठवड्यात पारावर गावकी बसली. गावकीची रीत अशी: नाना बोलायचे, मग विचारायचे, "कोनाचा काय?" कुणी काही बोललं नाही म्हणजे सगळे हो म्हणाले. आमच्या गावात कधी कुणी काही बोललंच नव्हतं, त्यामुळे सगळे निकाल एकमताचे. नाना म्हणाले, बाई नवऱ्याच्या घरी जाईल, नाहीतर जोमाचं घर वाळीत. त्या घराशी जो बोलेल तोही वाळीत. "कोनाचा काय?" पारावर तीस-चाळीस दांडगे बाप्ये होते, सगळे बांध घालणारे, हातांत फावड्याचे घट्टे. एक मान खाजवू लागला. एकाला तपकीर लागली. एक आकाशात घार शोधू लागला. मी सतरा-अठराचा असेन, देवळाच्या पायरीवर बसून बापसाकडे बघत होतो. बापूस स्वतःच्या पायाच्या अंगठ्याकडे असा बघत होता, जसा तो त्याला आजच फुटलाय.

घरी आल्यावर बापसाला आवाज परत आला. "काश्या! उद्याच्या भरतीला आतूशीला पल्याड सोरून ये!" आयस म्हणाली, "पारावर तोंडाला काय कुलूप लावलेलां? चावी घरान हाय ना तुमची." बापसानं ताट फेकलं. कोंबड्या जेवल्या.

सकाळी भरती भरली. आत्या बोचकं घेऊन होडीत जाऊन बसली. आपल्यापायी भावाचं घर वाळीत पडू नये म्हणून तिनं वाद घातला नाही. मी वल्हं मांडीवर आडवं घेतलं आणि बसलो. बापूस बांधावरून ओरडला, "वल्हव!"

"नाय वल्हवत."

"मंग उतर, मी नेतू."

"नाय उतरत."

"पानी उतरतं रं, गाढवा!"

"उतरू दे."

बापसाला होडी वल्हवता येत होती, पण मला होडीतून काढता येत नव्हतं. तेव्हा मी त्याच्याहून रुंद होतो. तो बांधावर येरझाऱ्या घालत होता, शिव्या देत होता, आणि मध्येच मागं वळून बघत होता, नानांचं माणूस दिसतंय का. पाणी उतरलं. होडी चिखलात बसली. खाडीत एक भरती चुकली की ती वेळ गेली. आत्यानं थोडा वेळ वाट बघितली, मग बोचकं माझ्याकडे दिलं, पातळ खोचलं, खाली उतरली आणि एका हातानं खुबे वेचू लागली. "आलूच हाय तं कालवनाचा तरी बगते," म्हणाली. मी तेव्हा हसलो, आज लिहितानाही हसतोय. तेव्हापासून माझ्या पाठीला बाकी कितीही दुखणी लागली असतील, पण वाकायचं दुखणं लागलेलं नाही.

त्या दिवसापासून आम्ही वाळीत. विहिरीवर आयस गेली की बाकीच्या बायका कळश्या उचलून बाजूला व्हायच्या. कुणी विस्तव देईना. माझे मित्र, ज्यांच्याबरोबर मी एका ताटात जेवलो, ते समोरून आले की कुंपणाची पानं मोजायचे. पण खाडीला कुणी गावकीचा निकाल कळवला नव्हता. चिंबोऱ्या येतच होत्या. आम्ही इतकं चांगलं कधी जेवलो नसू. वाळीत टाकलेल्या घरातून कालवणाचा वास निघाला की शेजारचा पोशा ओटीवर येऊन नाक वर करून उभा राहायचा. बोलायला बंदी होती, हुंगायला नव्हती. मी त्याच्याकडे बघून नांगी चोखायचो.

आणि मग गावाला आपली चूक कळली. पुरुषांना नाही, बायकांना आधी. हाशानानांच्या पोरीचं लग्न ठरलेलं होतं. मांडवाचा दिवस धरलेला, पाहुण्यांना सांगून झालेलं. वाळीत टाकताना नानांनी घर मोजलं, विहीर मोजली, विस्तव मोजला. धवलारीण मोजली नाही. ती बायकांची बाब. बाप्यांच्या डोक्यात ती कुठल्या घरात राहते हेच नव्हतं. लग्नात ती असतेच, जसा मांडवाला खांब असतो. खांबाला कोण विचारतो तू कोणाचा? नानांची बायको हिराकाकी विहिरीवर सगळ्यांसमोर नवऱ्याला म्हणाली, "आता हलद कोन लावनार पोरीला? तुजी गावकी? गानां येतां काय रं तुना?" बायका पदर तोंडात घालून घरी पळाल्या, नाहीतर हसूनही वाळीत पडल्या असत्या.

नानांनी माणूस शिरवण्याला धाडला. तिथल्या धवलारणीनं सांगितलं, "ती सुपारी बामीची हाय. तिनं सांगितल्याबिगर मी तुमच्या मांडवान पाय नाय ठेवनार." बामी म्हणजे माझी आयस. दुसऱ्या गावची धवलारीणही तेच बोलली. त्या बायकांची कुठं गावकी नव्हती, पार नव्हता, नाना नव्हते, तरी त्यांचं बोलणं एक होतं. कुणीतरी सुचवलं, पनवेलहून भटजी आणू. नवरामुलाच्या आजोबानं निरोप दिला की मंत्र म्हणून आमच्याकडे सत्यनारायण होतो, लगीन होत नाही.

शेवटी नाना स्वतः आले. भर दुपारी, परसाच्या बाजूनं. पण अडचण अशी की आमच्याशी बोलेल तो वाळीत, हा निकाल त्यांचाच. कुंपणाच्या बाहेर ते उभे राहिले आणि आमच्या कोंबडीशी बोलू लागले.

"कोंबडे, बामीबाई घरान हाय काय?"

आयस भाकरी थापत होती. तिनं चुलीला सांगितलं, "चुली, बामीबाई घरानच हाय. वाळीत हाय, जाईल कुठं?"

"कोंबडे, तिला सांग, झाला ते झाला. पोरीच्या लग्नापुरता वाळीत उठवू. मंग बगू."

"चुली, त्यांना सांग, लग्नापुरता पान्याला गेली तं पानी गोड लागतं नाय."

मी दारात पोट धरून बसलो होतो. बापूस कुठं होता? नानांचा आवाज ऐकल्याबरोबर तो माजघरात भाताच्या कणगीमागं गेला होता. चिंबोरी कवच टाकते तेव्हा बिळात लपते, मऊ अंगानं बाहेर येत नाही. तिला निदान नवं कवच यायचं असतं.

आयशीची अट साधी होती. परत पारावर बसायचं. बायकाही बसतील. आणि त्या दिवशी जे जे गप्प बसले होते त्या सगळ्यांनी एकेक करून उठायचं, स्वतःच्या तोंडानं म्हणायचं, चांगुणा गावात राहील, तिला कुणी धाडणार नाही. मान हलवलेली चालणार नाही. एक जरी तोंड बंद राहिलं तर हळद नाही. नाना कोंबडीला म्हणाले, "बाप्ये बोलतील नाय गं." आयस चुलीला म्हणाली, "मंग तुमची पोर पिवली होईल नाय."

अशी बैठक मी परत पाहिली नाही. बायका पाराच्या एका अंगाला बसल्या, आत्या मध्ये, मनगट अजून बांधलेलं. नाना पहिले उठले आणि पाठ केल्यासारखं बोलून खाली बसले. मग एकेक. पोशा इतक्या हळू बोलला की त्याच्याच बायकोनं ओरडून सांगितलं, "मोठ्यानं! कालवनाचा वास घेताना नाक चालतं, आता गला नाय चालत?" एकाला घाम फुटला. एकाला "राहील" आणि "जाईल" यांत गोंधळ होऊन परत उभं राहावं लागलं. फावडं उचलून खाडी अडवणारी ही माणसं, त्यांना चार शब्द उचलताना धाप लागत होती. आणि मग बापसाची पाळी आली. तो उठला. टोपी काढली. घातली. सगळं गाव थांबलं. बापसानं नानांकडे बघितलं आणि विचारलं, "नाना, बोलू काय?"

अख्खा पार हसला. नानासुद्धा हसले. आत्या हसली नाही. म्हणाली, "बोल दादा. तुजीच बहीन हाय मी." बापूस म्हणाला, "राहील." एवढंच. आयशीनं त्याच्याकडे बघितलं आणि चालवून घेतलं. मी चालवून घेतलं नसतं, पण मला कुणी विचारलं नाही.

पारावर बोलणं सोपं होतं, हे मला हळदीच्या दिवशी कळलं. तिथं समोर ऐकायला पल्याडचं कुणी नव्हतं. हळदीला नवरीचा मामा लागतो, आणि नानांच्या पोरीचा मामा म्हणजे आत्याचा नवरा. तो आला, दोन दांडगे भाऊ घेऊन, ताडी पिऊन. मांडवात उंबराची फांदी उभी, पाटावर नवरी, आयस धवला गात होती आणि आत्या शेजारी बसून दुसऱ्या गळ्यानं साथ करत होती. तो सरळ आत आला आणि आत्याचं तेच मनगट धरलं. "चल. तमाशा बास झाला."

मी मांडवाच्या बाहेर पाण्याच्या हंड्यापाशी होतो. मी धावलो, त्याच्या भावांनी मला दोन्ही बाजूंनी धरलं. मी ओरडलो, "अरं बोला कोनीतरी! परवा बोललांव ना पारावर!" पंगतीला बसलेले बाप्ये पानात बघू लागले. पान कधी एवढं बघण्यासारखं नसतं. बापूस खांबाला टेकून उभा होता. त्यानं खांब आणखी घट्ट धरला.

आयस गायची थांबली.

नवरीच्या एका गालाला हळद लागली होती, दुसरा कोरा. आयस ओरडली नाही. वाटी खाली ठेवली, हात मांडीवर ठेवले आणि नानांकडे बघत बसली. तिच्या मागं बसलेल्या बायकांनी वाट्या खाली ठेवल्या. चुलीवरच्या बायकांनी भातातला पळा काढून ठेवला. शिरवण्याहून पाहुणी म्हणून आलेली धवलारीण उठून पदर सावरायला लागली, निघाल्यासारखी. नवऱ्याकडचे पाहुणे एकमेकांच्या कानाला लागले. अर्धी हळद लागलेली पोर पाटावरून उठली तर तिचं काय होतं, हे मांडवातल्या पोराटोरांनाही ठाऊक होतं.

हाशानाना उठले. चांगुणेसाठी उठले असं मी आज म्हणणार नाही, मला कुणाचे पांग फेडायचे नाहीत. ते पोरीच्या कोऱ्या गालासाठी उठले, पाहुण्यांसमोर नाक जाईल म्हणून उठले. पण उठले. मेव्हण्याची मान धरली आणि म्हणाले, "हात सोर. ती या गावान राहील असा सगल्यांनी बोललाय. मी बोललूय." एकदा नाना उठल्यावर मग काय, पंगतीतले सगळेच उठले. पोशानं तर मेव्हण्याच्या भावाला अशी लाथ घातली की जणू लहानपणापासून तो त्याच क्षणाची वाट बघत होता. मामाला बांधापर्यंत पोचवून आले, आणि येताना प्रत्येकजण सांगत होता, पहिला हात कुणाचा पडला. नवरीच्या मामाच्या जागी मग चुलतमामा उभा केला.

आयशीनं वाटी उचलली. ती गायला लागली आणि आवाज फुटेना. धवला मध्येच तुटलेला. तो तसाच सोडता येत नाही. तेव्हा आत्यानं तो उचलला. आधी बारीक, थरथरत, मग हळूहळू मांडवभर. तोपर्यंत तिचा गळा असा आहे हे आम्हाला घरातल्यांनाही माहीत नव्हतं. तिच्या सासरी तो कुणी उघडूच दिला नव्हता. नवरीच्या कोऱ्या गालाला तिनं हळद लावली, बांधलेल्या हातानं, आणि शेवटपर्यंत गात राहिली.

आत्या परत खाडी ओलांडून गेली नाही. आयशीनंतर गावची धवलारीण तीच झाली. जे बाप्ये पारावर बोलताना घामाघूम झाले होते, त्यांच्या पोरापोरींची लग्नं तिच्या तोंडून लागली. माझंही.